सहा वर्षांखालचा नागरिक

सरकारी हिशेबाप्रमाणे गोव्यात गरीब माणूस आता शोधूनच काढावा लागेल. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान अशा तिन्ही कसोट्या लावून नीती आयोगाने बहुआयामी दारिद्र्याचा जो अहवाल २०२३ साली प्रसिद्ध केला, त्यात गोव्यातील गरिबांचे प्रमाण ०.८४ टक्के, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी, दाखविले आहे. हा आकडा वाचून कोणाही गोमंतकीयाची मान ताठ व्हावी. परंतु हा हिशेब ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आधारे मांडला गेला, त्याच पाहणीची आणखी दोन पाने उलटली की ती मान खाली घालण्याची पाळी येते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या या पाचव्या पाहणीत गोव्यातील पाच वर्षांखालील २५.८ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. २०१५-१६ च्या चौथ्या पाहणीत हेच प्रमाण २०.१ टक्के होते. म्हणजे ज्या काळात गरिबी जवळजवळ हद्दपार झाली असे आपण अभिमानाने सांगतो, त्याच काळात वाढ खुंटलेल्या मुलांचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढले. १९.१ टक्के मुले उंचीच्या मानाने रोडावलेली होती. आणि सहा महिने ते पाच वर्षे या वयातील निम्म्याहून अधिक बालके रक्तक्षयाने ग्रासलेली होती.

शंभरात एखादाच गरीब आणि चारांत एक मूल खुंटलेले, ही दोन्ही विधाने एकाच राज्याविषयी, एकाच वेळी खरी कशी असू शकतात? याचे उत्तर हिशेबाच्या पद्धतीतच आहे. दारिद्र्याचा हा हिशेब माणसांचा दिसला तरी तो घरांवरून केला जातो. घरात वीज आली, गॅसची शेगडी आली, शौचालय झाले, बँकेत खाते उघडले, घरातील एखादे माणूस सहा वर्षे शाळेत गेलेले असले, म्हणजे ते घर गरिबीतून वर आले असे गणितच सांगते. त्या घरातले तीन वर्षांचे पोर खुंटलेले निघाले तर एका रकान्यात उणे गुण पडतात. पण तेवढ्या एका उण्याने ते घर गरीब ठरत नाही. घराचे दारिद्र्य आणि बालकाचे दारिद्र्य या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आपण ध्यानात घेतलेले नाही. पहिले पैशाने, पत्र्याने आणि विटांनी दूर होते. दुसरे दूर व्हायला आणखी एका गोष्टीची गरज लागते आणि ती गोष्ट कोणत्याही योजनेच्या रकान्यात सहसा मांडलेली नसते.

वेळेचे दारिद्र्य

ती गोष्ट म्हणजे मोकळा वेळ असलेले एक मोठे माणूस. मूल जन्मल्यापासून सहा वर्षांचे होईपर्यंत त्याला अन्न, औषध आणि लस जशी लागते, तसेच त्याच्याशी बोलणारे, त्याचे बोलणे ऐकणारे, त्याला घासघास भरविणारे, पडले तर उचलणारे आणि 'हे काय?' या त्याच्या शंभराव्या प्रश्नालाही न कंटाळता उत्तर देणारे माणूस लागते. सुखवस्तू घरात आजी असते, आई असते, नोकरचाकर असतात. त्यामुळे या गरजेला काही मोल आहे हेच तेथे कोणाच्या लक्षात येत नाही. श्रमिकाच्या घरात मात्र हीच वस्तू सर्वांत दुर्मीळ असते.

वास्कोच्या बायणा भागातील, झुआरीनगरातील किंवा मडगावच्या मोतीडोंगरावरील वस्तीतून सकाळी एक फेरी मारली तर हे कळते. बाप बांधकामावर गेलेला असतो. आई धुणीभांडी करायला किंवा मासळीच्या धक्क्यावर गेलेली असते. मागे राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आठ वर्षांची बहीण दारात उभी असते. तिने शाळा सोडलेली असते किंवा ती शाळेत कधी गेलेलीच नसते. भुकेने रडणाऱ्या भावाच्या हातात ती बिस्किटांचा पुडा देते, कारण पेज शिजवून ती थंड करून चमच्याने भरविण्याचे वय तिचेही नसते. लहान मुलाचे पोट मुठीएवढे. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा थोडेथोडे खावे लागते. सकाळी एकदा आणि रात्री एकदा जेवणाऱ्या घरात धान्याचा डबा भरलेला असूनही ते उपाशी राहू शकते. त्यातून जुलाब होतात, ताप येतो, अंगात आलेली ताकद निघून जाते. असे दोन-तीन पावसाळे गेले म्हणजे ते मूल पाहणीच्या आकड्यात जाऊन बसते. केवळ वस्त्यांचीच ही कथा आहे असेही नाही. सत्तरी, सांगे आणि काणकोण या तालुक्यांच्या डोंगराळ वाड्यांवर काजूच्या हंगामात हेच दृश्य दिसते, आणि तेथील मुले तर पिढ्यान्पिढ्यांची गोमंतकीय आहेत.

ज्या मुलाला भरवायला कोणाला वेळ नसतो, त्याच्याशी बोलायलाही कोणाला वेळ नसतो. शरीर खुंटते ते फूटपट्टीने मोजता येते. शब्द खुंटतात ते मोजायला कोणी जात नाही. सहाव्या वर्षी हे मूल पहिलीत येते, तेव्हा शेजारच्या मुलाने गोष्टी, गाणी, रंग, आकडे यांची सहा वर्षांची शिदोरी बांधून आणलेली असते आणि याची झोळी रिकामी असते. मग मास्तर म्हणतात, 'हे मूल ढ आहे.' आणि आपण सारे ते मान्य करतो. त्या मुलाच्या आयुष्यावरचा निकाल लागून गेलेला असतो. शाळा फक्त तो वाचून दाखविते.

कोसबाडची टेकडी

हा प्रश्न मराठी मुलुखाला नवा नाही. त्याचे उत्तरही नवे नाही. आपल्याच कोकणकिनाऱ्याच्या उत्तर टोकाला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावात, १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. ताराबाईंचे वय त्या वेळी त्रेपन्न होते. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचा पाया घातला होता. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला होता. मुंबईत दादरला शिशुविहार उभे राहिले होते. इतके झाल्यावर विसावा घेतला असता तरी कोणी दोष दिला नसता. परंतु मॉन्टेसोरीबाईंच्या पद्धतीने चालणारी ही सुंदर बालमंदिरे सुशिक्षित, सुखवस्तू घरांपुरती राहिली, ही खंत त्यांना होती. आणि ती रास्त होती. खुद्द मारिया मॉन्टेसोरी यांनी आपले पहिले बालगृह १९०७ साली उघडले ते रोममधील सान लोरेन्झो या मजूरवस्तीत, आईबाप कामावर गेल्यामागे जिन्यांवर उनाडणाऱ्या पोरांसाठी. गरिबांच्या मुलांमध्ये जन्मलेली पद्धत पुढे श्रीमंतांच्या मुलांचे भूषण व्हावी, हा इतिहासाचा एक क्रूर विनोदच म्हटला पाहिजे.

बोर्डीला ताराबाईंना साथ मिळाली ती अनुताई वाघ यांची. या बालविधवा शिक्षिकेने पुढचे सारे आयुष्य, १९९२ साली मृत्यू येईपर्यंत, या एका कामाला वाहिले. बोर्डीत बालवाडी उघडली, पण हरिजनवाड्यातील मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच मुलांकडे जावे, असे या बायांनी ठरविले. वाड्यावर जाऊन, मुलांना न्हाऊमाखू घालून, त्यांची नखे कापून, केस विंचरून, तिथल्याच अंगणात त्यांनी गाणी आणि गोष्टी सुरू केल्या. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. आज देशभर सुमारे चौदा लाख केंद्रांच्या दारांवर जे नाव रंगविलेले असते, त्याचा उगम या वाड्यावरच्या अंगणात आहे.

पुढे १९५६-५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या पाड्यांमध्ये गेले. ज्या साली बोर्डीचे केंद्र निघाले, त्याच साली त्या उंबरगाव-डहाणू पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे तेथील दारिद्र्य कोणत्या जातीचे होते याची कल्पना येईल. येथे मुले घरात नसतच. गुरांमागे रानात असत. मग शिक्षिका त्यांच्यामागे कुरणात गेली आणि गुरे चरत असताना झाडाखाली कुरणशाळा भरू लागली. मॉन्टेसोरीची महागडी लाकडी साधने परवडण्याजोगी नव्हती. तेव्हा बिया, शिंपले, खडे, पाने, काड्या हीच साधने झाली. मोठी बहीण धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहते हे दिसून आले, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणून 'विकासवाडी' उभी केली. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली वर्गात. एका साध्या योजनेने तीन मुले एकाच वेळी शाळेत आली.

या कामाचे मर्म साधनांत नव्हते, इमारतीत तर नव्हतेच. मुलासाठी राखून ठेवलेले, त्याच्या भाषेत बोलणारे, घाई नसलेले एक मोठे माणूस तेथे होते, हे ते मर्म होते. गरिबाच्या घरात जी वस्तू नव्हती, तीच या बायांनी नेऊन पोहोचविली.

पोषण आणि पालनपोषण

ताराबाई-अनुताईंची गोष्ट ही असामान्य त्यागाची गोष्ट आहे, तिचा सरकारी नियम कसा होणार, असे कोणी विचारील. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला भावनेने उत्तर देऊन भागणार नाही. सुदैवाने आता अनुभवाची साक्ष उपलब्ध आहे.

जमैका हा वेस्ट इंडीजमधील देश. तेथील किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ साली डॉ. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिने ते दोन वर्षे वयाची, वाढ खुंटलेली १२९ मुले निवडली. काहींना पूरक दूधआहार दिला. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर एक साधी आरोग्यसेविका जाई. ती डॉक्टर नव्हती की पदवीधर शिक्षिका नव्हती. टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन ती आईला मुलाशी खेळायला, बोलायला, चित्रे दाखवायला शिकवी. काहींना दोन्ही मिळाले आणि काहींना यांपैकी काहीच मिळाले नाही. दोन वर्षांनी प्रयोग संपला. ती मुले बावीस वर्षांची झाली तेव्हा संशोधक पुन्हा त्यांच्याकडे गेले. ज्यांच्या घरी ती खेळणीवाली बाई जात होती, त्यांची कमाई ती न गेलेल्या घरांतील मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक होती. मूळच्या सुदृढ मुलांची बरोबरी त्यांनी केली होती. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या दूधआहाराचा असा दीर्घकाळ टिकणारा परिणाम मात्र आढळला नाही.

याचा अर्थ आहार निरुपयोगी असा कोणी काढू नये. उपाशी मुलाला गाणी शिकविणे ही थट्टा होईल. अर्थ इतकाच की पोषण आणि पालनपोषण हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि सरकारने आजवर पहिल्याचीच काळजी वाहिली, तीही काटकसरीने. पूरक आहारासाठी केंद्राने २०१७ साली दर बालकामागे दररोज आठ रुपये हा दर ठरविला. त्या रकमेत काय शिजते हे कोणतीही गृहिणी सांगू शकेल.

दुसरी साक्ष तमिळनाडूची आहे. तेथे ३२० अंगणवाड्यांत एक प्रयोग झाला. निम्म्या केंद्रांत केवळ शिकविण्यासाठी एक अर्धवेळ सेविका जादा नेमली. बाकी इमारत तीच, आहार तोच. मुलांना प्रत्यक्ष शिकविण्याचा वेळ दुप्पट झाला. भाषा आणि गणितातील त्यांची समज वाढली. एवढे अपेक्षितच होते. परंतु खुंटलेल्या मुलांचे प्रमाणही घटले. कारण मूळच्या सेविकेला आता वजनकाट्याकडे, आजारी मुलाकडे, आईशी बोलण्याकडे लक्ष देण्यास वेळ मिळू लागला होता. एक माणूस वाढविल्याबरोबर शिक्षण आणि आरोग्य ही दोन्ही सुधारली. त्यागाची गरज लागली नाही. पगारी माणसाची लागली.

कायद्यातील एक क्रियापद

मग हे देशभर का होत नाही? याचे उत्तर आपल्या राज्यघटनेच्या एका कलमाच्या प्रवासात सापडते. घटनाकारांनी पंचेचाळिसाव्या कलमात लिहिले होते की, घटना अमलात आल्यापासून दहा वर्षांत चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्याने प्रयत्न करावा. त्यात वरची मर्यादा होती, खालची नव्हती. म्हणजे तीन वर्षांचे मूलही त्यात सामावलेले होते. दहा वर्षांची ती मुदत १९६० साली संपली. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरविला, तेव्हाही खालची रेघ कोणी मारली नव्हती. ती मारली २००२ सालच्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने. शिक्षणाचा हक्क मूलभूत झाला, आणि त्याच लेखणीने तो सहा ते चौदा या वयापुरता मर्यादित झाला. सहा वर्षांखालची बालके मार्गदर्शक तत्त्वांत मागे ठेवली गेली. ज्या दुरुस्तीचा आपण उत्सव केला, तिने देशातील सर्वांत लहान नागरिकांना दाराबाहेर उभे केले.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अकराव्या कलमाने तर या उपेक्षेवर शिक्कामोर्तब केले. तीन वर्षांवरील मुलांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाची मोफत व्यवस्था सरकार 'करू शकेल', असे ते कलम म्हणते. 'करील' नव्हे, 'करू शकेल'. एका क्रियापदात कोट्यवधी बालकांचे भवितव्य अडकून पडले आहे. जे करू शकेल ते न करण्याचीही मुभा असते, हे सरकारी कचेरीत उमेदवारी केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुलाच्या मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते हे मान्य केले, तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा ठरविला आणि २०३० पर्यंत सर्व बालकांना दर्जेदार पूर्वशिक्षण देण्याचे अभिवचन दिले. अभिवचन चांगले आहे. परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे. धोरणभंगाबद्दल कोणी न्यायालयात दाद मागू शकत नाही. १९६० ची मुदत जशी गेली तशी २०३० ची जाऊ नये असे वाटत असेल, तर त्या क्रियापदात बदल झाला पाहिजे.

सेविका की शिक्षिका?

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आजच्या अंगणवाड्या या योजनेच्या. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, रुग्णालयाकडे पाठवणी, मातांचे प्रबोधन आणि पूर्वशालेय शिक्षण अशी सहा कामे तिच्याकडे सोपविलेली आहेत. सहावे काम यादीत आहे; दिवसात त्याला जागा नसते. सेविकेने वजने घ्यायची, आहार वाटायचा, वह्या भरायच्या, तेच पुन्हा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर भरायचे, गर्भवतींकडे जायचे, वेळप्रसंगी मतदारयादीचे काम करायचे आणि उरलेल्या वेळात तीन ते सहा वयाच्या वीस-पंचवीस मुलांचा बुद्धिविकास साधायचा! मोजमाप मागितले जाते ते किलोचे आणि ग्रॅमचे. गोष्ट किती वेळा सांगितली याचा तक्ता कोणी मागत नाही. म्हणून सेविका संपावर गेल्या की आहार थांबल्याची ओरड होते. मुलांचे शिक्षण थांबले अशी तक्रार आजवर कोणी केलेली आमच्या ऐकिवात नाही.

या बाईला आपण काय देतो? केंद्र सरकारने २०१८ साली तिचे मानधन वाढवून ते महिना ४,५०० रुपये केले, मदतनीस बाईचे २,२५० रुपये. गोव्यासारखी राज्ये त्यात आपली भर घालतात हे खरे आहे आणि त्याबद्दल त्यांना श्रेय दिले पाहिजे. पण पगार हा शब्द टाळून मानधन हा शब्द ज्या हेतूने योजला गेला, तो हेतू लपत नाही. मान दिला की धन कमी दिले तरी चालते, असा हा व्यवहार आहे. निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी मिळण्याचा तिचा हक्क मान्य व्हायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागावा लागला. पहिलीच्या वर्गावर शिकविते ती शिक्षिका आणि तिच्या वर्गाचा पाया घालते ती स्वयंसेविका, ही विभागणी बुद्धीला पटणारी नाही. घराचा पाया घालणाऱ्या गवंड्याला कोणी निम्मी मजुरी देत नाही.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. पूर्वशिक्षण म्हणजे तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन त्याच्याकडून इंग्रजी मुळाक्षरांच्या ओळी घोटून घेणे नव्हे. गावोगावी निघालेल्या फी घेणाऱ्या शिशुवर्गांनी हीच समजूत रूढ केली आहे आणि गरीब आईबापही पोटाला चिमटा घेऊन त्यामागे धावत आहेत. ज्या वयात बोटांना माती, वाळू आणि शिंपले हवेत, जिभेला आईची बोली हवी, त्या वयात परकी अक्षरे लादणे म्हणजे शिक्षणाचा आरंभ न होता शिक्षणाच्या भीतीचा आरंभ होणे होय. अंगणवाडीला या वर्गांची नक्कल करायला लावण्याऐवजी कोसबाडची वाट पुन्हा दाखविणे अधिक स्वस्त आणि अधिक शास्त्रीय आहे.

आपली मुले आणि त्यांची मुले

आता गोव्यापुरते बोलू. राज्य लहान आहे, अंगणवाड्या बाराशेहून अधिक आहेत, रस्ते आहेत, दवाखाने आहेत. जे उत्तर प्रदेशाला किंवा बिहारला डोंगराएवढे वाटावे, ते येथे एका पंचवार्षिकात होण्यासारखे आहे. मग अडते कोठे? स्पष्ट लिहायचे तर आपल्या मनात अडते. खुंटलेल्या मुलांचा विषय निघाला की दिवाणखान्यातून एक वाक्य हमखास ऐकू येते: 'ती मुले आपली नव्हेत, बाहेरून आलेल्यांची आहेत.' वर उल्लेखिलेल्या डोंगरवाड्या हे वाक्य खोटे पाडतातच. परंतु क्षणभर ते खरे धरले तरी प्रश्न राहतो की, विजापूरहून किंवा झारखंडहून आलेला मजूर आपले घर बांधतो, आपले हॉटेल उभारतो, आपली होडी खेचतो. त्याच्या बायकोने धुतलेल्या भांड्यांत आपण जेवतो. मग त्याच्या पोराने मात्र कोणाच्या अंगणात वाढायचे? दिल्लीत १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना उन्हात धुळीत पडलेली मजुरांची मुले पाहून मीरा महादेवन यांनी पहिले फिरते पाळणाघर सुरू केले. गांधीजींच्या स्मारकाच्या पायाशी गांधीजींचे खरे काम पडून आहे, हे त्यांना दिसले. १९९६ च्या बांधकाम मजूर कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले. पर्वरीपासून दाबोळीपर्यंत एवढ्या इमारती उठल्या. त्यांच्या आवारात पाळणाघर पाहिल्याचे किती वाचकांना आठवते?

करण्यासारखे बरेच आहे आणि त्यातले फारसे खर्चाचे नाही. दर अंगणवाडीत केवळ बालशिक्षणासाठी एक दुसरी प्रशिक्षित बाई नेमावी. तमिळनाडूचा अनुभव यासाठी पुरेसा आहे. श्रमिक वस्त्यांतील अंगणवाड्या दुपारी बंद न होता आईच्या कामाच्या वेळेपर्यंत, पाळणाघरासह, उघड्या राहाव्यात. केंद्राने अंगणवाडीसह पाळणाघराची योजना आखलेली आहे, तिचा पुरा लाभ घ्यावा. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी ज्या प्राथमिक शाळा उघडल्या, त्यांतील अनेक आज पटसंख्येअभावी ओस पडल्या आहेत. त्या इमारतींना कुलूप घालण्याऐवजी तेथे विकासवाडी उभारावी: पाळणाघर, बालवाडी आणि खालचे वर्ग एकाच छपराखाली. आणि सहा वर्षांखालच्या मुलाचा हक्क कायद्यात लिहिला जावा यासाठी आपल्या विधानसभेने एकमुखाने केंद्राकडे मागणी करावी. छोट्या राज्याचा आवाज छोटा असतो, पण पहिला आवाज कोणी तरी काढावाच लागतो.

सरकारनेच सारे करावे असेही आम्ही म्हणणार नाही. परकी सत्तेच्या काळात गोव्याच्या हिंदू समाजाने आपली भाषा टिकविली ती सरकारी अनुदानावर नव्हे. देवळांच्या अग्रशाळांत आणि घरांच्या ओसऱ्यांवर मराठी शाळा भरत होत्या. पणजीत १९०८ साली उभ्या राहिलेल्या मुष्टिफंड संस्थेच्या नावातच मूठभर धान्याची देणगी आहे. ज्या समाजाने मुठीमुठीने शाळा उभारल्या, त्याच्या देवस्थानांना, मंडळांना आणि पंचायतींना आपल्या गावच्या अंगणवाडीला भिंतीवरची चित्रे, गोष्टींची पुस्तके, एक फळी आणि आठवड्यातून दोन तास देणे जड जाण्याचे कारण नाही. निवृत्त शिक्षिका गावोगाव आहेत. त्यांच्यापाशी तीच वस्तू मुबलक आहे, जी त्या मुलांपाशी अजिबात नाही: वेळ.

सहा वर्षांखालचा नागरिक मत देत नाही, मोर्चा काढीत नाही, वृत्तपत्राला पत्र लिहीत नाही. त्याच्या वतीने बोलण्याइतका सवड असलेला माणूस त्याच्या घरात नाही, हेच तर त्याचे दारिद्र्य. १९ डिसेंबर १९६१ रोजी आपण मुक्त झालो असे आपण म्हणतो. भावंडाला कडेवर घेऊन दारात उभ्या असलेल्या त्या आठ वर्षांच्या मुलीपर्यंत ती मुक्ती अजून पोहोचायची आहे. ती पोहोचविण्याचे काम तिच्या कडेवरचे मूल कोणी तरी आपल्या हातात घेण्यापासून सुरू होते. एवढे केले म्हणजे एकाच वेळी दोघांची शाळा सुरू होईल.